मोटारीचे तेलपाणी

बैलगाडीच्या काळात वंगणाचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नसे. गाडीच्या खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि आसाला वंगण लावल्यावाचून गाडीवान लांबच्या वाटेला निघत नसे. कोणी विसरलाच, तर कोरडे चाक करकर करून त्याला आठवण देई. मोटारीचे इंजिन असे बोलके नाही. त्यातील तेल कमी झाले, मळले, त्याची शक्ती सरली, तरी ते बराच काळ मुकाट्याने चालत राहते. ज्या दिवशी ते खडखडू लागते, त्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो. तीनचार लिटर तेलाकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत मग सबंध इंजिनाच्या दुरुस्तीने चुकवावी लागते.

माळव्याच्या पठारावर, देवास जिल्ह्यात, टोंकखुर्द हे तहसिलीचे गाव आहे. देवासचे नाव मराठी वाचकाला परके नाही. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी अठराव्या शतकात तेथे आपला अंमल बसविला आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत एकाच नगरीत शेजारी शेजारी नांदली. टोंकखुर्दच्या भोवतालची जमीन काळी. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि हरभरा, ही तेथली पिके. एके काळी या वाटांवर बैलगाडीचे राज्य होते. आता दारात ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल उभी असते आणि अनेक घरांपुढे मोटारही दिसते. परंतु मोटार कंपनीची अधिकृत कार्यशाळा बहुधा जिल्ह्याच्या गावी. तेलबदलासाठी गाडी तेथे न्यायची म्हणजे एक दिवस मोडतो. सोयाबीनची कापणी अंगावर आलेली असते, मुलांच्या परीक्षा असतात, घरात लग्नकार्य असते. मग "पुढच्या आठवड्यात पाहू" असे म्हणत तेलबदल महिनोन् महिने लांबतो. अशा ठिकाणी हे काम घरच्या घरी करता येईल का, हा प्रश्न हौसेचा राहत नाही, गरजेचा होतो.

त्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली अट माणसाच्या जिवाची आणि दुसरी पाण्याच्या शुद्धतेची. त्या दोन्ही समजण्यापूर्वी तेल इंजिनात नेमके काय करते हे पाहणे बरे.

इंजिनात धातूवर धातू वेगाने फिरत असतो. त्या दोहोंच्या मध्ये तेलाचा एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. तो आहे तोवर धातू धातूला प्रत्यक्ष शिवत नाही; तो तुटला की घर्षण, उष्णता आणि झीज यांना मोकळे रान मिळते. तेलाची कामे एवढ्यावर संपत नाहीत. जेथे पाण्याची किंवा वाऱ्याची थंडाई पोहोचत नाही, तेथील उष्णता तेलच वाहून नेते. दट्ट्याच्या कड्यांच्या फटी ते बुजविते, धातूला गंज चढू देत नाही आणि इंजिनात साचणारी काजळी व मळ आपल्यात तरंगत ठेवते. म्हणूनच चांगले तेल थोड्या दिवसांत काळे दिसू लागते. काळे झाले म्हणजे निकामी झाले, असे नव्हे. ते आपले सफाईचे काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. डिझेलच्या इंजिनात तर नवे तेल फारच लवकर काळवंडते.

मग तेल बदलावे का लागते? तेलात कारखान्यातच काही रासायनिक द्रव्ये मिसळलेली असतात. काही आम्लाचा नाश करतात, काही झीज रोखतात, काही मळ धरून ठेवतात. ही द्रव्ये वापराने खर्च होतात. शिवाय उष्णतेने तेलाचा प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होऊ लागते. पाण्याचा उपद्रव तर अनेकांना ठाऊकच नसतो. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. बहुतेक वाफ धुरांड्यावाटे निघून जाते. थोडी मात्र दट्ट्याच्या कडेने खाली तेलात उतरते. गाडी लांब धावली तर इंजिन पुरते तापते आणि हे पाणी पुन्हा उडून जाते. परंतु घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत एवढीच ज्या गाडीची धाव, तिचे इंजिन पुरते तापत नाही आणि पाणी तेलातच मुरते. त्यामुळे जी गाडी कमी चालते तिचे तेल जास्त टिकते, ही समजूत खरी नाही. बऱ्याच पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकांत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मर्यादा दिलेली असते. त्यातील "एक वर्ष" या शब्दांकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. धुळीचा मुलूख, लहान लहान फेऱ्या आणि ओझे ओढणे यांस पुस्तिका कठीण वापर मानतात आणि अशा वापरात तेल त्याहून लवकर बदलावयास सांगतात. मळणीच्या दिवसांत माळव्याच्या वाटांवर जी धूळ उडते, ती पाहिली की आपली गाडी कोणत्या वर्गात बसते हे मालकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता डब्यावरील आकड्यांविषयी. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने तेलाच्या दाटपणाची वर्गवारी प्रथम १९११ साली केली आणि तीच पद्धत सुधारत आजवर चालत आली आहे. डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातील "डब्ल्यू" हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे सांगतो. तो जितका लहान, तितके गारठ्यात तेल लवकर वर चढते. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील, म्हणजे १०० अंश सेल्सियसला असणारा दाटपणा दाखवितो. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंश नव्हेत, तर वर्गांचे क्रमांक होत. माळव्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून काही मंडळी पुस्तिकेत सांगितले आहे त्याहून दाट तेल भरतात. त्यांची काळजी खरी असली तरी उपाय चुकीचा आहे. आजच्या इंजिनांतील तेलाच्या वाटा फार बारीक असतात. दाट तेल तेथे पोहोचेपर्यंत वेळ जातो आणि झीज नेमकी इंजिन सुरू करतानाच अधिक होते. ज्या इंजिनास ५डब्ल्यू-३० सांगितले आहे, त्यास तेच द्यावे.

दुसरी खूण तेलाच्या जातीची. "एस" या अक्षराने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांचे आणि "सी" ने सुरू होणारे डिझेल इंजिनांचे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे मानक लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडविणारी गाळणी असते आणि त्यांना कमी राख सोडणारे विशिष्ट तेलच लागते. घरात मोटार आणि मोटारसायकल दोन्ही असतील, तर मोटारीचे उरलेले तेल मोटारसायकलीत ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीसाठी केलेल्या तेलाने तो घसरू लागतो. ट्रॅक्टरचा हिशोब तर किलोमीटरांचा नसून तासांचा असतो आणि त्याचे तेलही त्याच्या पुस्तिकेप्रमाणेच निवडावे लागते. बाजारात नामांकित तेलाच्या डब्यात भरलेले बनावट तेलही मिळते. म्हणून डबा ओळखीच्या दुकानातून, मोहोर पाहून आणि पावती घेऊन विकत आणावा. पावतीचा आणखी एक उपयोग आहे. गाडीच्या हमीची मुदत चालू असेल, तर हमीच्या अटी आधी वाचाव्यात. घरी केलेले काम त्या अटींत बसत नसेल, तर मुदत संपेपर्यंत कार्यशाळेचा रस्ता धरणेच शहाणपणाचे.

तेलाच्या जोडीला फिल्टर. मोटारीच्या आरंभीच्या काळात इंजिनाला तेलाची धड गाळणी नसे. १९२३ साली अमेरिकेतील अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीच्या तेलासाठी फिल्टर तयार केला. आज डब्यासारखा दिसणारा जो फिल्टर इंजिनाला आट्यांवर बसविलेला असतो, त्याच्या पोटात घड्या घातलेला कागद असतो. तेल त्या कागदातून गाळले जाऊन पुढे जाते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर त्याच्या निम्म्याहून बारीक कणही हा कागद बहुतांशी अडवितो. त्याहूनही सूक्ष्म कण, आम्ले आणि पाणी मात्र त्यातून पार होतात. फिल्टर आहे म्हणून तेल बदलणे टाळता येत नाही, ते यामुळे. फिल्टरमध्ये किंवा इंजिनात त्याच्या जवळच एक लहानशी झडप असते. कागद मळाने तुंबला, की ती उघडते आणि न गाळलेले तेल सरळ इंजिनात जाते. तेल मुळीच न मिळण्यापेक्षा मळके तेल बरे, असा त्यामागील विचार. म्हणजे तुंबलेला फिल्टर गाडी अडवीत नाही. तो केवळ आपले काम सोडून देतो आणि मालकाला त्याचा पत्ता लागत नाही. यास्तव तेल आणि फिल्टर दोन्ही एकाच वेळी बदलावे.

आता प्रत्यक्ष काम. आणि येथे पहिली अट येते. या कामात माणसाला खरा धोका तेलापासून नसून गाडीच्या वजनापासून आहे. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. केवळ त्याच्या भरवशावर उचललेल्या गाडीखाली कोणीही शरीराचा कोणताही भाग घालू नये. तो निसटला तर सावरण्यास क्षणभरही मिळत नाही. माळव्याच्या काळ्या जमिनीवर ही भीती दुप्पट होते. ती भूमी उन्हात दगडासारखी भासते, पण तिला भेगा असतात, आणि ओलावा लागताच ती जॅकच्या बुडाखाली खचते. म्हणून गाडी फरशीवर किंवा काँक्रीटच्या सपाट जागेवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडक्यांची अटक लावावी. गाडी उचलल्यावर तिच्याखाली पुरेशा ताकदीचे लोखंडी स्टँड, पुस्तिकेत दाखविलेल्या जागी, लावावेत आणि गाडीचा भार त्यांच्यावर सोडावा. विटांची रास हा स्टँडला पर्याय नव्हे; वीट भाराखाली अचानक फुटते. ज्या गाड्यांचे पोट जमिनीपासून पुरेसे उंच आहे, त्यांना उचलण्याची गरजच पडत नाही. अंगणात मुले खेळत असतील तर त्यांना दूर करावे आणि एक मोठे माणूस हाकेच्या अंतरावर ठेवावे.

साहित्य थोडे लागते. ठरलेल्या जातीचे व मापाचे तेल, नवा फिल्टर, निचऱ्याच्या बोल्टसाठी नवे वायसर, नेमक्या मापाचा पाना, फिल्टर सोडविण्याचा पाना, घमेले, नरसाळे, चिंध्या आणि हातमोजे. लहान पेट्रोल मोटारीत साधारण तीन ते साडेतीन लिटर तेल मावते, मोठ्या डिझेल गाडीत त्याहून बरेच अधिक. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा.

इंजिन तीनचार मिनिटे चालवावे, म्हणजे तेल कोमट होऊन पातळ होते आणि तळाचा मळ त्याच्याबरोबर निघून येतो. नंतर इंजिन बंद करून दहापंधरा मिनिटे थांबावे. लांबून आलेल्या गाडीचे तेल लगेच काढू नये. ते हात भाजण्याइतके गरम असते. वरचे तेल भरण्याचे झाकण उघडावे, म्हणजे आत हवा जाऊन तेल सरळ धारेने उतरते. इंजिनाच्या तळाला, ज्याला मिस्त्री चेंबर म्हणतात, एक बोल्ट असतो. तोच तेलाचा आहे याची पुस्तिकेवरून खात्री करून घ्यावी. घाईत गिअरपेटीचा बोल्ट उघडून तिचे तेल सांडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. घमेले थोडे पुढे सरकवून ठेवावे, कारण पहिली धार तिरपी उडते. बोल्ट पान्याने सैल करून पुढे हाताने, आत दाबत दाबत फिरवावा आणि आटे संपल्याचे कळताच झटकन बाजूला घ्यावा.

तेल निथळण्यास दहापंधरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात त्याची परीक्षा करावी. घरी काम करण्याचा मोठा लाभ हाच. काळ्या तेलाची काळजी नको. पण ते दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. धातूचे चमचमते कण दिसत असतील, तर आत काही झिजत आहे. तेलाला पेट्रोल किंवा डिझेल यांचा उग्र वास येत असेल, तर इंधन खाली उतरत आहे. या तिन्ही प्रसंगी गाडी चांगल्या मिस्त्रीला दाखवावी. कार्यशाळेत हेच तेल मालकाच्या नजरेआड पिंपात जाते आणि रोगाचे पहिले लक्षण तेथेच बुडते.

बोल्टला नवे वायसर घालून तो आधी हातानेच बसवावा. आटे बरोबर जुळले असतील तर तो बोटांनी सहज फिरतो. तिरपा धरून पान्याने रेटला, तर चेंबरचे आटे मरतात. कित्येक चेंबरे ॲल्युमिनियमची असतात. तेथे अधिक जोर म्हणजे हमखास नुकसान. बोल्ट किती आवळावा याचाही आकडा पुस्तिकेत असतो. ताकद दाखविण्याची ही जागा नव्हे.

मग जुना फिल्टर सोडवावा. त्याचे रबरी कडे त्याच्याबरोबर निघाले की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. ते इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसविला, तर दोन कड्यांच्या मधून सर्व तेल काही मिनिटांत बाहेर फेकले जाते. बैठक स्वच्छ पुसावी, नव्या फिल्टरच्या कड्याला बोटाने नवे तेल लावावे आणि तो हाताने फिरवावा. कडे बैठकीला टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, किंवा फिल्टरवर छापले असेल तेवढेच, आवळावे. पाना सोडविण्यासाठी, बसविण्यासाठी हात पुरे. काही नव्या इंजिनांत सबंध डबा न बदलता आतील कागदी गाळणी व झाकणाचे रबरी कडे बदलावे लागते; तत्त्व तेच.

तेल भरताना सांगितलेल्या मापाहून थोडे कमी भरावे आणि मोजपट्टी पाहून मग बाकीचे घालावे. इंजिन सुरू केल्यावर तेलाचा तांबडा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. मिनिटभर इंजिन चालवून बोल्ट आणि फिल्टर यांपाशी ओल दिसते का, हे पाहावे. हे पाहण्यासाठी गाडीखाली शिरण्याची गरज नाही, विजेरीचा प्रकाश टाकावा. मग गाडी सपाटीवर आणून, इंजिन बंद करून, पाच मिनिटांनी मोजपट्टी पुन्हा पाहावी. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावी. कमी तेल वाईट हे सर्वांना पटते. जास्तही वाईट असते. चेंबरमध्ये तेल फार झाले, की फिरणारा दांडा ते घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही. शेवटी तारीख आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा.

एवढे झाल्यावर पुष्कळांना काम संपले असे वाटते. वस्तुतः अर्धे काम घमेल्यात शिल्लक असते. दुसरी अट ती हीच.

खेड्यापाड्यांत या काळ्या ऑइलचे अनेक उपयोग रूढ आहेत. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, खरूज झालेल्या जनावराच्या अंगाला चोळतात, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात आणि काहीच सुचले नाही तर बांधावर ओतून देतात. यांत कोणाचा वाईट हेतू नसतो. वस्तू फुकट जाऊ नये हीच काटकसरीची दृष्टी असते. पण वापरलेले तेल हे नव्या तेलासारखे नसते. त्यात झिजलेल्या धातूंचे अंश आणि इंजिनातील ज्वलनाने झालेली विषारी द्रव्ये उतरलेली असतात. वर्षानुवर्षे ते कातडीला वारंवार लागत राहिल्यास कर्करोगाचा धोका असतो. म्हणून हातमोजे घालावेत, हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत आणि तेलाची चिंधी खिशात ठेवू नये. जे माणसाच्या कातडीला अपायकारक, ते जनावराच्या कातडीला औषध होऊ शकत नाही. ते जनावर आपले अंग चाटते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि पाणी. १९९० साली देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. कूपनलिका खोल खोल जात होत्या आणि कोरड्या पडत होत्या. २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या काळात तेथे भगीरथ कृषक अभियान सुरू झाले. जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्याला द्यावा, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. काळ्या सुपीक जमिनीचा तुकडा पाण्याखाली घालणे ही कोणत्याही शेतकऱ्याला सोपी गोष्ट नाही. तरीही त्यांनी ते केले आणि देवास जिल्ह्यात, टोंकखुर्दच्या पंचक्रोशीसह, हजारो शेततळी उभी राहिली. त्यांना रेवासागर असे नाव मिळाले. ज्या प्रदेशाने पाण्यासाठी जमीन दिली, त्या प्रदेशात बांधावर ओतलेल्या तेलाचे मोल निराळ्या मापाने करावे लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या अंदाजाप्रमाणे एका तेलबदलातील वापरलेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते. पहिल्या मोठ्या पावसात बांधावरचे तेल तळ्यात येते आणि पाण्यावर रंगीबेरंगी तवंग पसरतो. तवंग वाऱ्याने कडेला जातो. विष मात्र गाळात आणि विहिरीच्या झऱ्यात उतरते.

या तेलाची खरी गती वेगळी आहे. तेल मळते आणि त्यातील द्रव्ये सरतात, पण मूळ तेलाचा बराच अंश शाबूत असतो. योग्य कारखान्यात पाणी, मळ व धातू काढून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून त्यातून पुन्हा वंगणाचे मूळ तेल मिळविता येते. आपल्या देशातील २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि त्याचा व्यवहार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीवाचून करता येत नाही. त्या नियमांत २०२३ साली केलेल्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२४ पासून, वंगण तेलाचे उत्पादन व आयात करणाऱ्यांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे.

घरगुती मालकाने करावयाचे ते सोपे आहे. नव्या तेलाचे रिकामे डबे जपून ठेवावेत. जुने तेल त्यांतच नरसाळ्याने भरावे, कारण माप सारखेच असते. त्यात पाणी, पेट्रोल किंवा रेडिएटरचे द्रव मिसळू नये. भेसळ झालेले तेल शुद्ध करणे अवघड जाते. जुन्या फिल्टरमध्येही बरेच तेल उरते. तो रात्रभर उपडा ठेवून निथळवावा. डब्यावर "वापरलेले तेल" असे ठळक अक्षरांत लिहून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि मग, फिल्टरसह, जेथून अधिकृत संग्राहक तेल नेतो अशा कार्यशाळेत पोहोचवावा. पुढच्या वेळी जिल्ह्याच्या गावी जाताना डबा बरोबर नेला, तर वेगळा खेपाही पडत नाही. गावातील चारपाच मालकांनी आणि एखाद्या मिस्त्रीने मिळून एक झाकणाचे पिंप ठेवले, तर ते अधिक चांगले. मात्र तेल कोठे द्यावयाचे हे आधी विचारून घ्यावे. ज्याला याचे उत्तर मिळाले नाही, त्याने निचऱ्याच्या बोल्टला हात लावू नये; गाडी मिस्त्रीकडेच न्यावी.

घरी तेल बदलून पैसे फार वाचतात, असे समजू नये. तेल आणि फिल्टर यांची किंमत द्यावीच लागते. वाचते ती मजुरी, आणि पहिल्या वर्षी तर ती स्टँड व पाने यांतच जाते. खरा लाभ असा की, काम वेळेवर होते, तेलाची परीक्षा मालकाच्या डोळ्यांदेखत होते, आणि पुढे कधी मिस्त्रीकडे जावे लागले तर त्याला काय विचारावे हे कळते. त्याच्या हातांच्या श्रमांची किंमतही तेव्हा अधिक समजते.

येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या दहा कुमारींच्या दृष्टांतात शहाण्या ठरल्या त्या तेलाची तरतूद आधी करणाऱ्या. मोटारीच्या मालकाला याहून एक पाऊल पुढे जावे लागते. नव्या तेलाप्रमाणेच जुन्याचीही तरतूद त्याने आधी करावयाची असते. रविवारी सकाळी काम आटोपून, वहीत तारीख लिहून, जुन्या तेलाचा झाकण घट्ट लावलेला डबा ज्याने गाडीच्या मागच्या कप्प्यात ठेवला, त्याचे तेलपाणी पूर्ण झाले.